दोन जागांवर आलेला पक्ष: कॅनडा १९९३, जीएसटी आणि एक जाहिरात

२५ ऑक्टोबर १९९३ रोजी कॅनडात सार्वत्रिक निवडणूक झाली. नऊ वर्षं सत्तेत असलेला प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष, ज्याला तिथे सगळे टोरी म्हणतात, २९५ पैकी २ जागांवर आला. याच पक्षाला १९८४ मध्ये २११ आणि १९८८ मध्ये १६९ जागा मिळाल्या होत्या. पंतप्रधान किम कॅम्पबेल स्वतःच्या व्हँकुव्हर सेंटर मतदारसंघात लिबरल पक्षाच्या हेडी फ्राय यांच्याकडून हरल्या. वाचले ते दोघेच, क्वेबेकमधल्या शेरब्रूकचे ज्याँ शारे आणि न्यू ब्रन्सविकमधल्या सेंट जॉनच्या एल्सी वेन. संसदेत अधिकृत पक्षाचा दर्जा मिळायला १२ खासदार लागतात, त्यामुळे तो दर्जाही गेला. लोकशाही देशात सत्ताधारी पक्षाचा इतका सपाटून पराभव क्वचितच झाला असेल.

या पराभवाची दोन कारणं नेहमी सांगितली जातात. पहिलं म्हणजे जीएसटी. नवा कर आणला, लोक चिडले, सरकार गेलं. दुसरं म्हणजे एक जाहिरात. विरोधी नेत्याच्या चेहऱ्यावर टोरींनी टीव्हीवर जाहिरात केली, लोकांना ती किळसवाणी वाटली, पक्ष बुडाला. दोन्ही गोष्टी घडल्या यात शंका नाही. पण कराने सरकार पडलं म्हणावं, तर तोच कर पुढे ठेवणारं सरकार लागोपाठ दोन निवडणुका का जिंकलं? आणि जाहिरातीने पक्ष बुडाला म्हणावं, तर जाहिरात झळकायच्या आधीच पक्षाचा पाठिंबा का ओसरला होता? मला हे प्रकरण महत्त्वाचं वाटतं ते या दोन प्रश्नांमुळे. प्रचार, चिखलफेक आणि कर यांच्याकडे मतदार कसा बघतो, हे एकाच निवडणुकीत इतकं स्पष्ट दिसण्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

न दिसणाऱ्या कराची जागा दिसणाऱ्या कराने घेतली

जीएसटी येण्यापूर्वी कॅनडात विक्रीकर नव्हता असं नाही. १९२४ पासून उत्पादकांवर केंद्राचा विक्रीकर होता आणि शेवटी त्याचा मुख्य दर १३.५ टक्क्यांवर गेला होता. तो कारखान्याच्या पातळीवर लागायचा आणि मालाच्या किमतीत विरून जायचा. दुकानात फ्रीज घेणाऱ्याला त्यात सरकारचा वाटा किती हे कळायचं नाही. बहुतेकांना असा कर आहे हेच ठाऊक नव्हतं.

अर्थतज्ज्ञांच्या दृष्टीने हा कर वाईट होता. तो सेवांवर लागत नव्हता, फक्त वस्तूंवर लागायचा. उत्पादनासाठी लागणाऱ्या सामानावरही तो बसत असल्याने निर्यातीचा माल महाग व्हायचा. आयात मालावर मात्र त्याचा भार तुलनेने कमी पडायचा. म्हणजे कॅनडा आपल्याच कारखान्यांवर जास्त कर लावत होता. १९८९ पासून अमेरिकेशी मुक्त व्यापार सुरू झाला, तेव्हा हे चालवून घेणं आणखी अवघड झालं. अर्थमंत्री मायकेल विल्सन यांनी १९८९ मध्ये त्याऐवजी ९ टक्क्यांचा वस्तू व सेवा कर सुचवला. ओरड झाली, दर ७ टक्क्यांवर आला आणि १ जानेवारी १९९१ पासून जीएसटी लागू झाला. रोजचं किराणा सामान आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं शून्य दरात होती. कमी उत्पन्नाच्या घरांना दर तिमाहीला परताव्याचा चेक मिळणार होता. व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत होती. आपल्याकडे इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात, तेच हे.

कर म्हणून जुन्यापेक्षा नवा चांगला होता, असं माझंही मत आहे. पण मतदार कराची रचना बघत नाही, तो बिल बघतो. जुना १३.५ टक्के कर गेल्याने गाडी, फ्रीज यांच्या किमती उतरायला जागा झाली. तरी किंमत उतरली तर ती करामुळे उतरली असं कुठल्या पावतीवर लिहिलेलं नसतं. उलट केस कापणं, हॉटेलात जेवणं, घर गरम ठेवायचं इंधन, पुस्तकं, वकिलाची फी यांवर आयुष्यात पहिल्यांदा केंद्राचा कर दिसू लागला, तोही वस्तूवर लावलेल्या किमतीत न धरता, पैसे देताना वर चढवलेला. झालेला फायदा किमतीत लपला आणि तोटा रोज पावतीवर छापून येऊ लागला. ओंटारियोत प्रांताचा ८ टक्के विक्रीकर आधीच होता, त्यात हे ७ मिळाले. अल्बर्टात तर प्रांताचा विक्रीकर नव्हताच. तिथल्या माणसाला किमतीच्या चिठ्ठीवर जे लिहिलं असेल तेवढेच पैसे देण्याची सवय होती आणि ती सवय केंद्र सरकारने मोडली. हा अल्बर्टा टोरींचा बालेकिल्ला होता, १९८८ मध्ये तिथल्या २६ पैकी २५ जागा त्यांनी जिंकल्या होत्या.

वेळही वाईट होती. १९९० मध्ये मंदी सुरू झाली होती, कारखाने बंद पडत होते. कॅनेडियन डॉलर महाग होता, त्यामुळे सीमेजवळचे लोक शनिवार-रविवारी गाडी काढून अमेरिकेत खरेदीला जात. १९९१ मध्ये या फेऱ्यांनी उच्चांक गाठला. सीमेपलीकडच्या दुकानांचे भाव बघून परतणाऱ्या माणसाला आपल्याकडच्या महागाईचं एकच कारण डोळ्यांसमोर दिसायचं, पावतीवरचे ते ७ टक्के.

आठ सिनेटर

कराला विरोध करणाऱ्यांचं प्रमाण जनमत पाहण्यांमध्ये ८० टक्क्यांपर्यंत गेलं होतं. एवढा विरोध असूनही सरकारने तो मंजूर करून घेतला, आणि ज्या पद्धतीने करून घेतला तिथे माझ्या मते या प्रकरणाची मेख आहे.

एप्रिल १९९० मध्ये विधेयक हाउस ऑफ कॉमन्समध्ये मंजूर झालं. अल्बर्टाचे दोन टोरी खासदार, डेव्हिड किल्गोर आणि ॲलेक्स किंडी, यांनी विरोधात मत दिलं. दोघांनाही पक्षाच्या संसदीय गटातून काढलं गेलं. आपल्या मतदारांचं म्हणणं मांडल्याची ही शिक्षा आहे, असाच अर्थ अल्बर्टात घेतला गेला.

पुढे सिनेट होती. कॅनडाच्या सिनेटमधले सदस्य निवडून येत नाहीत, पंतप्रधानांच्या शिफारशीने नेमले जातात. आधीच्या लिबरल सरकारांनी नेमलेल्यांचं तिथे बहुमत होतं आणि ते विधेयक अडवून बसले. पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी १८६७ च्या राज्यघटना कायद्यातलं २६ वं कलम बाहेर काढलं. सिनेटची कोंडी फोडण्यासाठी राणीच्या संमतीने चार किंवा आठ जादा सदस्य नेमता येतात, अशी ती तरतूद. तोवर ती कधीच वापरली गेली नव्हती. सप्टेंबर १९९० मध्ये आठ जादा सिनेटर नेमले गेले आणि बहुमत फिरलं. लिबरल सिनेटरांनी शिट्ट्या आणि तोंडाने वाजवायची खेळणी वाजवून कामकाज बंद पाडलं, रात्र-रात्र भाषणं केली. शेवटी १३ डिसेंबर १९९० रोजी ५५ विरुद्ध ४९ मतांनी विधेयक संमत झालं.

हे सगळं कायद्यात बसणारं होतं. मल्रोनींचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं, की निवडून आलेल्या सभागृहाने मंजूर केलेला कर न निवडलेल्या सभागृहाने का अडवावा? पण घरी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला एवढंच दिसलं की दहातले आठ जण नको म्हणत असताना, कधी न वापरलेलं कलम काढून, आपली माणसं बसवून सरकारने हे रेटलं. याच मल्रोनींनी १९८४ च्या निवडणुकीत, टीव्हीवरच्या वादसभेत, लिबरल पंतप्रधान जॉन टर्नर यांना सोयीच्या नेमणुकांवरून सुनावलं होतं आणि त्यावर निवडणूक फिरवली होती. ते लोक विसरले नव्हते. इथून पुढे जीएसटी हा नुसता आर्थिक विषय राहिला नाही. ‘हे आमचं ऐकतच नाहीत’ याचा तो पुरावा झाला. कर कितीही नावडता असला तरी काही वर्षांत अंगवळणी पडतो. आपल्याला किंमत दिली नाही ही भावना मात्र तशी अंगवळणी पडत नाही.

त्यात घटनादुरुस्तीच्या प्रयत्नांची भर पडली. फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताला राज्यघटनेत सामावून घेणारा ‘मीच लेक’ (Meech Lake) करार जून १९९० मध्ये कोसळला. त्यानंतरचा शार्लटटाउन करार २६ ऑक्टोबर १९९२ च्या सार्वमतात लोकांनी फेटाळला. तिन्ही मोठे पक्ष, बहुतेक प्रांतांची सरकारं, मोठे उद्योग ‘हो’ म्हणत होते आणि लोकांनी ‘नाही’ म्हटलं. त्या वर्षी गॅलपच्या पाहणीत मल्रोनींवर समाधानी असणारे ११-१२ टक्क्यांपर्यंत खाली आले होते.

कॅम्पबेल यांचा उन्हाळा

फेब्रुवारी १९९३ मध्ये मल्रोनींनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. जूनमध्ये किम कॅम्पबेल पक्षनेत्या आणि २५ जूनला पंतप्रधान झाल्या, कॅनडाच्या पहिल्या महिला पंतप्रधान. उन्हाळाभर त्या देशभर फिरल्या, लोकांना भावल्या, व्यक्ती म्हणून त्यांची लोकप्रियता विरोधी नेत्यांपेक्षा बरीच वर गेली. ८ सप्टेंबरला निवडणूक जाहीर झाली तेव्हा पाहण्यांत टोरी आणि लिबरल जवळपास बरोबरीत होते. २ जागांच्या निकालाकडून मागे बघताना हे ध्यानात ठेवायला हवं. सप्टेंबरच्या सुरुवातीला मतदाराने टोरींना कायमचं टाकलेलं नव्हतं. नव्या चेहऱ्याला संधी द्यायची त्याची तयारी होती.

पण पहिल्याच दिवशी पंतप्रधानांनी बेकारीबद्दल जे सांगितलं त्याचा अर्थ असा झाला की शतक संपेपर्यंत ती फारशी खाली येणार नाही. तेव्हा बेकारी ११ टक्क्यांच्या वर होती. नंतर सामाजिक योजनांच्या फेररचनेबद्दल विचारलं, तेव्हा इतक्या गंभीर विषयांची चर्चा निवडणुकीच्या काळात होऊ शकत नाही, अशा आशयाचं त्या बोलल्या. त्यांचा मुद्दा ४७ दिवसांत असे प्रश्न नीट मांडता येत नाहीत हा होता. लोकांपर्यंत पोचलं ते असं, की निवडणूक ही गंभीर विषयांची वेळ नाही. आधीच ‘हे आम्हाला विचारत नाहीत’ असं वाटणाऱ्या मतदारासमोर याहून घातक वाक्य दुसरं नसेल.

लिबरलांनी याच्या बरोबर उलट केलं. त्यांचे नेते ज्याँ क्रेतियाँ साठीला टेकलेले, जुने मंत्री, वक्तृत्व बेताचं. पण १९ सप्टेंबरला त्यांनी लाल मुखपृष्ठाचं आश्वासनपत्र काढलं, त्यात योजनांपुढे खर्चाचे आकडे मांडले आणि सभेत ते हातात धरून ते सांगू लागले की नंतर हे घेऊन या आणि मला जाब विचारा. रोजगारासाठी ६ अब्ज डॉलरची पायाभूत कामं, तीन स्तरांच्या सरकारांनी मिळून करायची. जीएसटीबद्दलची भाषा फार जपून लिहिलेली होती. तेवढंच उत्पन्न देणारी, ग्राहकाला आणि छोट्या व्यापाऱ्याला जास्त न्याय्य अशी पद्धत आणून जीएसटी बदलू, असं कागदावर होतं. सभांमध्ये आणि दारोदारच्या प्रचारात मात्र ‘काढून टाकू’ असंच लोकांच्या कानावर पडलं. उपनेत्या शीला कॉप्स यांनी तर टीव्हीवर सांगून टाकलं की जीएसटी गेला नाही तर मी राजीनामा देईन.

पश्चिमेत प्रेस्टन मॅनिंग यांचा रिफॉर्म पक्ष तूट तीन वर्षांत शून्यावर आणू म्हणत होता. क्वेबेकमध्ये लुसियाँ बुशार यांचा, क्वेबेक वेगळा व्हावा म्हणणारा ब्लॉक केबेकुआ पक्ष होता. बुशार हे मल्रोनींचेच जुने मंत्री. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत टोरी पाहण्यांमध्ये २०-२५ टक्क्यांच्या पट्ट्यात घसरले होते. जाहिरात अजून यायची होती.

१४ ऑक्टोबर

क्रेतियाँ यांच्या चेहऱ्याची एक बाजू लहानपणी झालेल्या बेल्स पाल्सीमुळे लुळी आहे. बोलताना तोंड एका बाजूला ओढलं जातं. १४ ऑक्टोबरच्या संध्याकाळी टोरींच्या नव्या जाहिराती टीव्हीवर आल्या. त्यात क्रेतियाँ यांची अगदी जवळून घेतलेली, चेहऱ्याचा वाकडेपणा ठळक करणारी स्थिरचित्रं होती. त्यांवर सामान्य माणसांचे वाटावेत असे आवाज त्यांच्या कारकिर्दीवर टीका करत होते. चेहऱ्याबद्दल शब्दाने कुणी काही म्हणत नव्हतं. पण एक आवाज विचारत होता, हा पंतप्रधान आहे का? आणि शेवटी एका बाईचा आवाज म्हणत होता, हे कॅनडाचे पंतप्रधान झाले तर मला वैयक्तिकरीत्या फार लाज वाटेल. चित्र आणि शब्द एकत्र आल्यावर लाज कशाची, याचं उत्तर पाहणाऱ्याला आपोआप मिळत होतं.

टोरींच्या प्रचार कार्यालयांत संतापाचे फोन खणखणू लागले. स्वतः टोरी उमेदवारांनी जाहिरातीचा जाहीर निषेध केला, कारण दारोदार फिरताना त्यांनाच तोंड द्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी कॅम्पबेल यांनी जाहिराती मागे घ्यायला लावल्या आणि दिलगिरी व्यक्त केली. क्रेतियाँ यांचं उत्तर कॅनडाच्या राजकारणात अजून सांगितलं जातं. देवाने मला हे व्यंग दिलं, मी ते लहानपणापासून स्वीकारलं आहे, असं सांगून ते म्हणाले की मी तोंडाच्या एका बाजूने बोलतो हे खरं आहे, पण मी टोरी नाही, मी दोन्ही बाजूंनी बोलत नाही. श्रोत्यांत काहींचे डोळे पाणावले होते, असं तेव्हाचे पत्रकार सांगतात.

जाहिरात चालली थोडा वेळ. पण मागे घेतल्यावर ती बातम्यांतून पुन्हापुन्हा दाखवली गेली, प्रत्येक वेळी ‘वादग्रस्त’ असा शिक्का मारून. बहुतेक कॅनेडियनांनी ती जाहिरात म्हणून पाहिलीच नाही, टोरींच्या नीच पातळीची बातमी म्हणून पाहिली. चिखलफेकीच्या जाहिरातीचा हा मोठा धोका आहे. पक्ष पैसे देऊन ज्या अर्थाने ती दाखवतो तो अर्थ काही तास टिकतो, नंतरचा अर्थ दुसरेच ठरवतात.

मतदारावर तिचा परिणाम काय झाला? जेफ्री हॅडॉक आणि मार्क झॅना या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी याच निवडणुकीवर अभ्यास केला. जाहिरातीनंतर कॅम्पबेल यांच्याबद्दलचं मत बिघडलं आणि क्रेतियाँ यांच्याबद्दलचं सुधारलं, असं त्यांना आढळलं. बाण सोडणाऱ्यालाच लागला. पण नेत्याबद्दलचं मत आणि मतपेटीतलं मत या दोन गोष्टी आहेत. घसरण आधीच सुरू होती आणि जाहिरात नसती तरी टोरींचा दारुण पराभव झालाच असता, असं मी ठामपणे म्हणेन. तिने केलं ते एवढंच, की जे जुने टोरी मतदार ‘जाऊ दे, शेवटी आपलाच पक्ष’ म्हणून परत आले असते, त्यांच्या परतीच्या वाटेवर लाज आणून ठेवली. शेवटच्या दहा-अकरा दिवसांत पक्षाला सावरायला जी जागा लागते, ती नाहीशी झाली.

आणि ही जाहिरात एवढी झोंबली ती केवळ असभ्य होती म्हणून नव्हे. प्रचार चालवणाऱ्यांत जॉन टोरी, ॲलन ग्रेग यांच्यासारखी मुरलेली माणसं होती. टीका टोचते हे त्यांना माहीत होतं. पण पक्षाबद्दल तीन वर्षांपासून लोकांच्या मनात एक शंका होती, की ही वरून खाली बघणारी माणसं आहेत. आठ सिनेटरांनी ती पेरली, बेकारीबद्दलच्या आणि गंभीर विषयांबद्दलच्या वक्तव्यांनी तिला पाणी घातलं आणि जाहिरातीने तिला चेहरा दिला. हीच चित्रं एखाद्या लोकप्रिय, ऐकून घेणाऱ्या सरकारने वापरली असती तर निषेध झाला असता, माफी झाली असती आणि विषय मागे पडला असता.

१६ टक्के मतं, २ जागा

निकालाचे आकडे जरा थांबून वाचायला हवेत. लिबरल ४१ टक्के मतं, १७७ जागा. रिफॉर्म जवळपास १९ टक्के, ५२ जागा. टोरी १६ टक्के, २ जागा. ब्लॉक केबेकुआ साडेतेरा टक्के, ५४ जागा आणि मुख्य विरोधी पक्षाचा मान. न्यू डेमोक्रॅटिक पक्ष ७ टक्के, ९ जागा. म्हणजे टोरींना ब्लॉकपेक्षा जास्त मतं मिळूनही जागांत ५४ विरुद्ध २ असा फरक.

ही पद्धत आपल्या ओळखीची आहे, सर्वात जास्त मतं घेणारा जिंकतो. मतं एका प्रदेशात गोळा झालेली असली तर थोड्या मतांतही जागा मिळतात, देशभर विखुरलेली असली तर काहीच हाती लागत नाही. टोरींची १६ टक्के मतं देशभर पातळ पसरली होती. ओंटारियोत त्यांना साडेसतरा टक्क्यांच्या आसपास मतं होती आणि जागा शून्य. तिथल्या ९९ पैकी ९८ लिबरलांनी घेतल्या. अल्बर्टात २२ रिफॉर्मकडे आणि ४ लिबरलांकडे गेल्या. त्या चारांतले एक, डेव्हिड किल्गोर. जीएसटीला विरोध केला म्हणून टोरींनी काढलेले तेच किल्गोर, आता लिबरल म्हणून निवडून आलेले. टोरींच्या जवळजवळ निम्म्या उमेदवारांना १५ टक्के मतंही मिळाली नाहीत.

म्हणून ‘लोकांनी कराला शिक्षा दिली’ हे वाक्य पुरेसं नाही. राग देशभर होता, पण प्रत्येक प्रदेशात तो वेगळ्या घरात गेला. पश्चिमेत जीएसटी आणि तुटीचा राग रिफॉर्ममध्ये गेला. क्वेबेकमध्ये मीच लेकचा राग ब्लॉकमध्ये गेला, तिथे कर हा मुख्य विषय नव्हताच. ओंटारियोत नोकऱ्यांचा राग लिबरलांकडे गेला. १९८४ मध्ये मल्रोनींनी पश्चिमेतले कर-विरोधी, क्वेबेकचे राष्ट्रवादी आणि ओंटारियोचे मध्यममार्गी एका छताखाली आणले होते. ते छत उडालं, आणि प्रत्येकासाठी शेजारीच नवं घर उभं होतं.

कर राहिला

नव्या सरकारला तिजोरीत सुमारे ४० अब्ज डॉलरची वार्षिक तूट सापडली. अर्थमंत्री पॉल मार्टिन यांना जीएसटीचं उत्पन्न सोडणं शक्यच नव्हतं. पर्याय शोधण्यात अडीच वर्षं गेली. एप्रिल १९९६ मध्ये नोव्हा स्कॉशिया, न्यू ब्रन्सविक आणि न्यूफाउंडलंड या तीन प्रांतांचा कर केंद्राच्या करात मिसळून १५ टक्क्यांचा एकत्रित कर करायचा करार जाहीर झाला आणि मार्टिन यांनी मोकळेपणाने मान्य केलं की ते आश्वासन देण्यात चूक झाली. लिबरल खासदार जॉन नन्झियाटा यांनी आश्वासन मोडलं म्हणून अर्थसंकल्पाविरुद्ध मत दिलं. त्यांना पक्षाने काढलं. १९९७ मध्ये ते अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. शीला कॉप्स यांनी बरीच टाळाटाळ केल्यावर १ मे १९९६ रोजी राजीनामा दिला आणि १७ जूनच्या पोटनिवडणुकीत हॅमिल्टन ईस्टमधून परत निवडून आल्या. त्याच डिसेंबरात टीव्हीवरच्या एका जाहीर कार्यक्रमात एका वेट्रेसने क्रेतियाँ यांना जीएसटीवरून तोंडावर जाब विचारला आणि त्यांना नीट उत्तर देता आलं नाही.

तरीही १९९७ मध्ये लिबरल १५५ आणि २००० मध्ये १७२ जागा घेऊन जिंकले. लोक विसरले असं मला वाटत नाही. कॉप्स आणि नन्झियाटा, दोघांचाही निकाल सारखाच लागला आणि त्यातून मतदाराचा हिशेब कळतो. एकाने सरकारविरुद्ध मत दिलं, दुसरीने राजीनामा दिला, दोघांनीही दिलेल्या शब्दाची काही किंमत स्वतः मोजली. मतदाराने दोघांनाही परत पाठवलं. कर तोच, दर तोच.

अटलांटिक प्रांतांच्या त्या करारातली एक तरतूद मात्र बोलकी होती. तिथल्या दुकानांनी किमतीतच कर धरून किंमत लिहावी, असं त्यात ठरलं होतं. सरकारला कर पुन्हा किमतीच्या पोटात न्यायचा होता. देशभर दुकानं असलेल्या साखळ्यांनी विरोध केला, तीन प्रांतांसाठी वेगळ्या चिठ्ठ्या लावणं त्यांना परवडत नव्हतं. सिनेटनेही हरकत घेतली आणि तरतूद सोडून द्यावी लागली.

दिसणाऱ्या कराची ताकद कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते स्टीफन हार्पर यांनी नेमकी ओळखली. डिसेंबर २००५ मध्ये, प्रचाराच्या पहिल्या दिवसांत, त्यांनी जीएसटी ७ वरून आधी ६ आणि नंतर ५ टक्के करण्याचं आश्वासन दिलं. हार्पर स्वतः अर्थशास्त्र शिकलेले. बहुतेक अर्थतज्ज्ञ सांगत होते की उपभोगावरचा कर घटवण्यापेक्षा आयकर घटवणं बरं. लिबरल सरकारने सर्वात खालच्या टप्प्याचा आयकर १६ वरून १५ टक्के केलाही होता, पण पगाराच्या चिठ्ठीतला तो बदल कुणाच्या फारसा ध्यानात आला नव्हता. हार्पर जिंकले. १ जुलै २००६ पासून जीएसटी ६ टक्के झाला आणि त्याच दिवसापासून तो खालचा आयकर १५ वरून साडेपंधरा झाला. त्यावर रान उठलं नाही. १ जानेवारी २००८ पासून जीएसटी ५ टक्के आहे.

त्या निवडणुकीत लिबरलांनीही जाहिरातीत हात पोळून घेतले. हार्पर आले तर कॅनडाच्या शहरांत बंदूकधारी सैनिक दिसतील, अशी भीती घालणारी जाहिरात त्यांनी तयार केली. टीव्हीवर जाण्याआधीच ती मागे घेतली, तरी ती बाहेर पडलीच. सैनिकांचा अपमान म्हणून संताप झाला. बारा वर्षांच्या सत्तेनंतर लिबरल थकले होते, भ्रष्टाचाराच्या चौकशीने घेरले होते. यावेळी वरून बघणारे म्हणून ते ओळखले जात होते.

आपल्याकडून बघताना

भारतात १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. केंद्र आणि राज्य दोघांनी एकाच व्यवहारावर कर लावायचा ही आपली रचना जगात ज्यांच्याशी जुळते अशा मोजक्या देशांत कॅनडा आहे. पण एक फरक मोठा आहे. आपल्याकडे पाकीटबंद मालावर एमआरपी छापलेली असते आणि ती सर्व करांसह असते. बिस्किटाचा पुडा घेणाऱ्याला कर दिसत नाही. हॉटेलच्या बिलावर मात्र सीजीएसटी आणि एसजीएसटी अशा दोन वेगळ्या ओळी येतात आणि पुण्या-मुंबईत २०१७ च्या पावसाळ्यात सर्वात जास्त वाद याच बिलांवरून ऐकू आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये जीएसटी परिषदेने बहुतेक हॉटेलांचा दर ५ टक्क्यांवर आणला. दिसणाऱ्या ठिकाणी आधी सवलत, हा क्रम इथेही तसाच होता.

आणि सुरतचं उदाहरण आहे. जुलै २०१७ मध्ये सुरतेच्या कापड व्यापाऱ्यांनी जीएसटीविरुद्ध बाजार बंद ठेवले, रस्त्यावर प्रचंड मोर्चे काढले. राग खरा होता. त्याच डिसेंबरात गुजरात विधानसभेची निवडणूक झाली आणि सुरत जिल्ह्यातल्या १६ पैकी १५ जागा भाजपने जिंकल्या. अनेक विश्लेषकांना याचं नवल वाटलं. अल्बर्टा शेजारी ठेवला की मला ते तेवढं नवलाचं वाटत नाही. अल्बर्टाच्या टोरी मतदाराला सोडून जायला रिफॉर्म होता, त्याच्याच विचारांचा, त्याच्याच भागातला, करावर त्याच्यापेक्षा कडक बोलणारा. पक्ष बदलला तरी त्याला विचार बदलावे लागले नाहीत. सुरतच्या व्यापाऱ्यासमोर असं घर नव्हतं. भाजप सोडायचा तर काँग्रेसकडे जायचं, म्हणजे एका करासाठी बाकी सगळंच सोडायचं. कराविरुद्धचा राग किती आहे हे पाहणीतून मोजता येतं. तो मतात उतरेल का, हे बघायला आधी शेजारचं घर बघावं लागतं.